लाईट गेल्यावरही बसता येईल असं सभागृह

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जावा, एसटी स्टँडच्या आसपास एक सभागृह असतंयच. वर निळा नाहीतर मरून पत्रा, खाली पांढरी चकचकीत टाईल, समोर शटर, बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या ज्या कितीही ढकलल्या तरी निम्म्याच उघडतात, आणि दारावर निधी कुणाचा नि उद्घाटन कुणाच्या हस्ते याचा ग्रॅनाइटचा फलक. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आत पाऊल टाकलं की वरून धग उतरते, पंखे तीच गरम हवा खाली ढकलत राहतात, आणि माईकवर कोण बोलायला लागलं की पत्रा, टाईल आणि काच मिळून त्या आवाजाचा असा गलका करतात की तिसऱ्या ओळीतल्या माणसालाही शब्द कळत नाही. मग एकेक जण बाहेर सरकतो. समोर पिंपळाचा नाहीतर वडाचा पार असतो, तिथं जाऊन बसतात आणि गावाची खरी चर्चा तिथंच होते.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या गावातलं जुनं समाजमंदिर पाडून नवीन सभागृह बांधायचं चाललंय. गाव शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. मी राहते कोल्हापुरात, मंगळवार पेठेत, सिव्हिलचा डिप्लोमा करून एका ऑफिसात एस्टिमेट काढायचं काम करते, त्यामुळं गावच्या ग्रुपवर नकाशा आल्या आल्या बऱ्याच जणांनी तो मलाच पाठवला, "ताई जरा बघा की, कसा वाटतोय". बघितला. पत्रा, टाईल, शटर, सरकत्या खिडक्या, आणि स्टेजच्या बाजूला एसीची जागा. यात कुणाचा वाईट हेतू आहे असं मला अजिबात वाटत नाही. सरावाचे आयटम घेतले की एस्टिमेट पटकन निघतं, पटकन मंजूर होतं, ठेकेदाराच्या माणसांनाही तेच काम हातातलं असतं, आणि गावाला वाटतं आपल्याकडं शहरातल्या कार्यालयासारखं काहीतरी झालं. पण ग्रुपवर दोन ओळीत उत्तर द्यावं इतकी ही गोष्ट छोटी नाहीये.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणसं जमायची जागा पर्यावरणाला धरून आहे का नाही हे तिच्या छपरावर सोलर पॅनेल किती बसवले यावरून ठरवू नये, आधी बघावं की लाईट गेल्यावर तिथं बसता येतंय का, माईक नसताना बोललेलं शेवटच्या माणसाला ऐकू येतंय का, आणि काय मोडलं-तुटलं तर गावातलाच गवंडी-सुतार ते नीट करू शकतोय का. हे जमलेल्या इमारतीला वीज कमी लागते, सिमेंट कमी लागतं, आणि मुख्य म्हणजे ती रिकामी पडत नाही. रिकामी पडलेली इमारत कितीही ग्रीन असली तरी तिच्यात गेलेली वाळू, खडी, सळई वायाच गेली ना.

आणि हे शिकायला कोल्हापूरच्या माणसाला फार लांब जायला नको. खासबाग घ्या. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले होते, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम बघितलं आणि आपल्या पैलवानांसाठी असं मैदान पाहिजे हे त्यांच्या मनानं घेतलं, १९१२ मध्ये खासबाग मैदान सुरू झालं. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवतीनं चढत गेलेली बैठक, वर उघडं आभाळ. हजारो माणसं बसतात आणि सगळ्यात मागच्याला पण कुस्ती दिसते. जमिनीला दिलेला उतार, एवढ्यावर हे सगळं उभं आहे. मी रोज स्लॅबचे नि कॉलमचे क्यूबिक मीटर काढत असते म्हणून मला हे जास्तच भिडतं, की उतारावर माणसं बसवण्याइतकी स्वस्त आणि टिकाऊ गॅलरी दुसरी कुठली नाही, त्यात गंजायला काय नाही आणि गळायला काय नाही. आमच्या गावात समाजमंदिराच्या मागं नदीकडं उतरणारी मोकळी जागा आहे, तिथं नकाशात पार्किंग दाखवलंय. तिथं दगडाच्या पाच-सहा पायऱ्या टाकल्या तर गावाची ग्रामसभा, पोरांच्या शाळेचं गॅदरिंग, भजन सगळं थंडीत नि उन्हाळ्याच्या संध्याकाळी उघड्यावर होईल. पावसाळ्याचे चार महिने छप्पर लागतं हे खरं, पण वर्षाच्या आठ महिन्यांसाठी एसीचा विचार कशाला करायचा?

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्याच काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. आमच्या पेठेतनं धूर दिसत होता, लोक तसेच घरातल्या कपड्यांवर रस्त्यावर आले होते, कलाकार मंडळी तर उघड उघड रडत होती. एखादी इमारत गेली म्हणून शहर रडतं, हे मी त्या रात्री बघितलं. त्यानंतर बरेच जण म्हणायला लागले की लाकडाची बांधकामं नकोतच, सगळं आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, करा. मला हे पटत नाही. जाड सागवानी तुळई बाहेरून कोळसा होत जाते आणि आतलं लाकूड बराच वेळ भार धरून राहतं, हॉलमध्ये आग झपाट्यानं पसरते ती पडदे, फोम, प्लायवूड आणि फॉल्स सीलिंगमधे वर्षानुवर्षं कुणी न बघितलेली वायरिंग यांच्यातनं. ह्या सगळ्या गोष्टी आरसीसी हॉलातपण असतातच की. वायरिंग छताआड न लपवता, दिसेल अशी, पाईपातनं न्या, बाहेर पडायला दोन्हीकडं रुंद दारं ठेवा, दारं बाहेरच्या बाजूला उघडू द्या, एवढं जरी केलं तरी निम्मी काळजी मिटली.

लाकडाचा दुसरा गुण अंबाबाईच्या देवळात दिसला. गरुड मंडपाचे लाकडी खांब बुडाशी कुजल्याचं कळल्यावर अख्खा मंडप उतरवून नव्या सागवानात परत उभारायचं काम काढता आलं, कारण ते सगळं जोडकाम आहे, सुटं होतं, एक खांब बदलला तर शेजारचा मरत नाही. आरसीसीच्या कॉलममधली सळई एकदा बुडाशी गंजून फुगायला लागली की वरचं काँक्रीट सोलत जातं आणि मग त्याच्यावर जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळई-काँक्रीटचं वेष्टण, करायचं म्हणजे मोठा खर्च.

त्याच देवळाचं आणखी एक. देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १०, ११ नोव्हेंबरला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरत देवीकडं जातात. किरणोत्सवाला मी लहानपणापासून जाते, पण एस्टिमेटच्या कामाला लागल्यावर वेगळंच जाणवायला लागलं, की इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी सूर्य कुठल्या दिवशी कुठं असतो हे बघून दगड ठेवलाय. आणि आमच्या सभागृहाच्या नकाशात उत्तरेचा बाण कोपऱ्यात काढलाय खरा, पण लांब भिंत बरोबर पश्चिमेला टाकलीय आणि त्याच भिंतीला सगळ्या काचा. एप्रिल-मे मधे दुपारी तीनपासून मावळेपर्यंत ऊन थेट आत. तीच इमारत नव्वद अंशात फिरवली, लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला घेतल्या, पश्चिमेला कोठी आणि जिना घेतला तर एक रुपया जास्त न घालता आतली धग बरीच कमी वाटेल. प्लॉट तेवढा आहे, मी मापं टाकून बघितलीत.

आता पत्रा. पत्र्याला माझा विरोध नाही, हे आधी सांगते, कारण ग्रुपवर लगेच "मग काय परत कौलं घालायची का" असं सुरू होतं. आमचे आप्पा गवंडी. सत्तरी ओलांडलीय, आता उंचावर चढत नाहीत, पण अजून ओळंबा धरला तर भिंत कुठं पोट काढतेय ते लांबून सांगतात. त्यांना नकाशा दाखवला तर म्हणाले, "पत्रा घालायचा तर घाल की, पर त्येला उचलून घे आन् खाली कायतर दुसरं घाल. उघडा पत्रा डोक्यावर घिऊन कोण बसतंय?"

आप्पांनी आयुष्यात आफ्रिका ऐकली असेल तेवढीच, पण बुर्किना फासोमधल्या गांदो गावात डिएबेदो फ्रान्सिस केरे या आर्किटेक्टनं नेमकं हेच केलंय. ते त्याच गावात जन्मले, जर्मनीत शिकले, आणि २००१ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन गावासाठी प्राथमिक शाळा बांधली. भिंती मातीच्या विटांच्या, त्यात थोडं सिमेंट, वर मातीच्याच विटांची छत, आणि त्या छतापासून चांगलं अंतर सोडून लोखंडी सळयांच्या कैच्यांवर उचललेला पत्रा. ऊन पत्रा घेतो, मधल्या फटीतून वारा जातो आणि तापलेली हवा खालच्या खोलीत उतरायच्या आधीच बाहेर निघते. पत्रा लांब बाहेर काढलाय म्हणून भिंतींना पाऊस लागत नाही. या शाळेला २००४ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला आणि केरेंना २०२२ मध्ये प्रित्झकर, जो आर्किटेक्चरमधला सगळ्यात मोठा मान समजला जातो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की गावातल्या लोकांच्या हातानं ती शाळा झाली, म्हणजे तिची डागडुजी कशी करायची हे गावाला माहीत आहे.

आपल्याकडं वर पत्रा आणि खाली छत करायचं तर फिलर स्लॅब हा चांगला मार्ग आहे. लॉरी बेकर या आर्किटेक्टनी केरळात तो खूप वापरला. स्लॅबमध्ये खालच्या बाजूला ताण असतो आणि तो ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट भार उचलायच्या कामाचं फारसं नसतं, मग त्या जागी सळयांच्या चौकटीत जुनी मंगलोरी कौलं बसवायची. काँक्रीट साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी लागतं, स्लॅब हलका होतो, आणि दोन कौलांमधल्या पोकळीनं उष्णता थोडी अडते. खालून कौलं दिसतात, छान दिसतात, पीओपीचा खर्च वाचतो. आणि आत्ता आमच्या भागात घरोघरी कौलं उतरवून स्लॅब टाकायचं चाललंय, परड्यात कौलांच्या थप्प्या पडून आहेत, लोक फुकट द्यायला तयार आहेत. सिमेंट वाचवायचं एवढं का म्हणते, तर जगात माणसामुळं जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे, आणि तो फक्त भट्टीच्या कोळशाचा नाही, चुनखडी भाजली की तिच्यातूनच तो निघतो, भट्टी सोलरवर चालवली तरी निघणार.

चुना पण चुनखडी भाजूनच होतो. पण तो कमी उष्णतेत भाजला जातो, आणि भिंतीवर बसल्यावर हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतच घट्ट होतो. आप्पांनी पोरपणी चुन्याची घाणी बघितलीय, गोल दगडी चरात बैल लावून दगडी चाक फिरवायचे, चुना, वाळू, विटांची सुरकी एकजीव होईस्तोवर, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. गुळाच्या मुलखात हे शिकवायला कुणी लागलं नसणार. आज घाणी नाही, पण मुरवलेला चुना मिळतो आणि मिक्सरवर काम होतं. आतला गिलावा तरी चुन्याचा करा असा माझा आग्रह आहे, आणि त्याचं खरं कारण कार्बनपेक्षा महापूर आहे, त्याच्याकडं येतेच.

त्याआधी आवाजाचं थोडक्यात. खिद्रापूरचा कोपेश्वर आमच्यापासून जवळ, तिथला स्वर्गमंडप ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. अठ्ठेचाळीस खांब, मधे छताला मोठा गोल उघडा ठेवलेला, खाली तेवढाच गोल दगड. होमाचा धूर वरून निघून जावा म्हणून ती रचना असं सांगतात. धूर जातो तशी गरम हवाही जाते, आणि आवाज पण. उघड्या जागेतून गेलेला आवाज परत येत नाही, त्यामुळं चारी बाजू उघड्या असलेल्या मंडपात कीर्तनकाराचा शब्द न् शब्द कळतो आणि बंद हॉलात त्याच कीर्तनकाराला साऊंडवाला लागतो. म्हणून हॉलच्या चार भिंतींपैकी एक तरी पूर्ण उघडी पाहिजे, लाकडी घडीच्या दारांची म्हणा किंवा विटांच्या जाळीची, आणि छपराच्या आढ्याला हवा जायला लांब फट पाहिजे, तिच्यावर पावसाचं टोपडं. टाईलच्या जागी शहाबादी किंवा तांदूर फरशी. आवाजासाठी हजारो रुपयांचे पॅनेल लावायची वेळच येणार नाही.

आता पूर. आमच्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळमध्ये पाचशे-सहाशे. शंभर किलोमीटर पण अंतर नाही. आणि तरी सगळ्यात जास्त बुडतो तो शिरोळच, कारण वरचं सगळं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतनं पंचगंगेत आणि पंचगंगेतनं आमच्या दारात येतं, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं आणि कृष्णा फुगलेली असली की तिथंच तुंबतं. म्हणजे गगनबावड्याच्या सभागृहाला उतरतं छप्पर आणि जांभ्याच्या भिंती पाहिजेत, शिरोळच्या सभागृहाला पाण्यात उभं राहता आलं पाहिजे, आणि आपण दोन्हीकडं एकच टाईप प्लॅन चिकटवतो. माझी या क्षेत्रातली सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

२०१९ ला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, जिथं ३९ ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी. २०२१ ला परत तेच. पुणे-बेंगळुरू हायवे बंद, कोल्हापूर तुटलेलं. आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, माझ्या खांद्याच्या वर. मातीची घरं बसली त्या वर्षी, डोळ्यादेखत. त्यामुळं मातीचं बांधकाम कितीही चांगलं म्हटलं तरी आमच्या गावात रेघेच्या खाली माती नको असं मी स्पष्ट सांगते, आणि आमची काळी माती तर तशीही विटा पाडायला योग्य नाही, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. खाली काळा दगड, वर विटा, हे आमच्या जुन्या लोकांनी ठरवलेलं गणित बरोबर आहे.

मग जोतं रेघेच्या वर घ्यायचं का? तेवढं उंच घेतलं तर म्हाताऱ्या माणसांना रोज डोंगर चढावा लागेल आणि भरावाचा खर्चच इमारतीएवढा होईल. इथं मला वाडीचं देऊळ आठवतं. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात दर पावसाळ्यात पाणी येतं, उत्तरेच्या दारातून शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं, आणि लोक ते अडवत नाहीत, त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतात. पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, दुकानदार आपापला माल उचलतात, पाणी उतरलं की देऊळ धुऊन परत पूजा सुरू. पाणी येणार हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था आहे, बांधकाम आणि रिवाज दोन्ही मिळून.

आमचं सभागृह असंच पाहिजे. खालचा मजला दगडाचा, पाण्याला वाट देणारा, दोन्हीकडनं उघडणारा, ज्यात प्लायवूड नाही, जिप्सम नाही, इलेक्ट्रिकचा बोर्ड रेघेच्या वर. चुन्याचा गिलावा इथंच कामाला येतो, सिमेंटच्या गिलाव्यामागं भिंत महिनोन्महिने ओली राहते, खार फुटतो, पापुद्रे निघतात, चुना मात्र ओल बाहेर सोडतो आणि भिंत सुकते. वर अर्ध्या भागात स्लॅबचा मजला, बाहेरून रुंद जिना, तिथं संडास-बाथरूम आणि पाण्याची टाकी. रोजच्याला तो मजला अभ्यासिका म्हणून वापरा, पुरात तिथं गाव थांबेल. शेजारी जनावरांसाठी उंच दगडी ओटा आणि त्याला उतार. हा ओटा मी या कामाच्या माझ्या दुसऱ्या एस्टिमेटमध्ये घातला तर ऑफिसातल्या एकानं विचारलं, हे कशाला? २०१९ ला कितीतरी माणसं बोट आली तरी घर सोडेनात, कारण दावणीची म्हैस कुठं न्यायची. ज्यानं हे बघितलंय तो हा प्रश्न विचारत नाही.

पावसाच्या पाण्याचं पण सांगते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटर छप्पर आणि पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर एक लाख लिटर, गळती-सांडलवंड वजा करून ऐंशी हजार तरी हातात. लग्नाच्या स्वयंपाकाला नको, पण भांडी, संडास, झाडं याला पुरून उरेल. त्यातली एक टाकी वरच्या मजल्यावर ठेवली तर पुरात, जेव्हा सगळीकडं पाणी आणि वापरायला थेंब नाही अशी अवस्था असते, तेव्हा ती उपयोगी पडेल.

एवढं सगळं करून सभागृहाला कुलूप असेल तर काय उपयोग. कोल्हापुरात तालमी आहेत, गंगावेस, मोतीबाग, पेठापेठांतल्या कितीतरी. तिथं फक्त कुस्ती होत नाही, पेपर वाचणारे असतात, फुटबॉलवरनं भांडणारे असतात, कुणाच्या घरी अडचण आली तर पहिला निरोप तालमीत जातो. जुन्या तालमी जाड भिंतींच्या, आत शिरलं की ओल्या तांबड्या मातीचा गारवा. तालीम जिवंत राहते कारण ती पहाटेपासून उघडी असते. पण तालीम पुरुषांची, पारसुद्धा बहुतेक पुरुषांचाच. माझी आई बचत गटात आहे. त्यांची मीटिंग कुणाच्या तरी सोप्यात, म्हणजे ओसरीवर, होते, ज्या घरी सासरे झोपलेले असतील त्या दिवशी ते घर नको, मग दुसरं शोधा. सभागृह आहे की, म्हटलं तर आई म्हणाली, "अगं चावी मागाय जावं लागतंय, आन् कशाला पाहिजे म्हणून इचारत्यात."

म्हणून माझ्या नकाशात समोरच्या बाजूला सात-आठ फूट रुंदीचा सोपा आहे, ज्याला दारच नाही. वर छप्पर, दगडी बैठक दीड फूट उंचीची, पाठ टेकायला भिंत, दिव्याचं बटण बाहेर, आणि संडासाला सोप्यातूनच जाता येईल अशी वाट. तिथं बसायला कुणाची परवानगी लागणार नाही. सकाळी दूध घालायला आलेल्या बायका तिथं टेकतील, दुपारी गट बसेल, संध्याकाळी पोरं. हॉलला कुलूप असू दे, सोप्याला नको. या एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे, बाकी फिलर स्लॅब, चुना यात दोन पावलं मागं यायची माझी तयारी आहे.

खरं तर माझं पहिलं म्हणणं होतं की जुनं पाडूच नका. भिंती भक्कम आहेत, खिडकीपर्यंत काळ्या दगडाच्या, फक्त वासे गेलेत. छप्पर बदललं, पुढं सोपा काढला, मागं पायऱ्या केल्या तर निम्म्या पैशात काम होतं. पण निधी नवीन बांधकामाच्या हेडखाली आलाय, दुरुस्तीला वापरता येत नाही असं सांगितलं गेलं. ठीक आहे. मग पाडताना दगड तरी भंगारात जाऊ देऊ नका, तो नव्या जोत्यात आणि मागच्या पायऱ्यांत घ्या. आप्पांनी टेप घेऊन भिंती मोजल्यात, जोत्याचा बहुतेक दगड त्यातच निघतोय, क्वारीवरनं आणायचा ट्रकभाड्याचा खर्च तेवढाच वाचतो. जुन्या दगडाला गावातल्या हातांनी परत घडवायला लागेल, दोन वयस्कर पाथरवट अजून आहेत, त्यांच्या हाताखाली चार पोरं लावली तर कला पण पुढं जाईल.

दुसरं एस्टिमेट तयार आहे. पहिल्या एस्टिमेटच्या शेजारी ते ग्रामसभेत ठेवणार आहे, आयटम समोर आयटम, लोकांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. माझी अडचण फक्त दोन ठिकाणी आहे, फिलर स्लॅब आणि चुन्याचा गिलावा, कारण या दोन्हीसाठी वेगळं रेट अ‍ॅनालिसिस, म्हणजे दर कसा निघाला याचा हिशेब, जोडावं लागणार. जिल्ह्यात कुणी ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कामात हे आयटम मंजूर करून घेतले असतील तर कागद कसे जोडले, कुठल्या शेऱ्यावर फाईल परत आली, ते मला सांगा. ग्रामसभेच्या आधी मिळालं तर फार उपयोग होईल.